तारवाल्याला विचारा : बेल, मेउची आणि पावसाळ्यातली खरखर

टेलिफोन खात्यात तारेच्या कामावर लागलो आणि एक्स्चेंजमध्ये टेक्निशियन म्हणून निवृत्त झालो. सगळी नोकरी रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांत, तीही बरीचशी खाडीच्या नाहीतर समुद्राच्या काठाने. म्हणून संपादकांनी या अंकापुरतं प्रश्नोत्तरांचं हे सदर माझ्या गळ्यात घातलं आहे. पत्रं भरपूर आली. एकसारखी होती ती एकत्र केली. 'अमुक साली माझं बिल जास्त आलं होतं' असं लिहिणाऱ्यांनी रागावू नये. ते प्रकरण तेव्हाही माझ्या हातात नव्हतं.

प्रश्न : पुस्तकात टेलिफोनचा शोध अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी लावला असं आहे. आमचे सर म्हणतात, खरा शोध एका इटालियन माणसाचा, बेलने तो ढापला. परीक्षेत काय लिहू?
— नववीची विद्यार्थिनी, गुहागर तालुका

परीक्षेत बेल लिही, मार्क बेललाच आहेत. बाकीचं आता ऐक.

ही गोष्ट बेलच्या पंधरा वर्षं आधी सुरू होते. जर्मनीत फ्रीडरिक्सडोर्फ नावाच्या गावी फिलिप राइस हा शाळामास्तर होता. १८६१ मध्ये फ्रँकफुर्टच्या विद्वानांपुढे त्याने घरी बनवलेलं एक यंत्र मांडलं, आणि त्याचं नावही 'टेलिफोन' हेच ठेवलं होतं. त्यावरून पाठवलेलं एक वाक्य प्रसिद्ध आहे : 'घोडा काकडीची कोशिंबीर खात नाही.' मुद्दाम असं विचित्र, म्हणजे पलीकडच्याने अर्धं ऐकून उरलेलं अंदाजाने भरू नये. राइसच्या यंत्रात एक पडदा आणि त्याला टेकलेलं धातूचं टोक. आवाजाने पडदा थरथरला की टोक सुटायचं, लागायचं, करंट बंद-चालू व्हायचा. सूर पाठवायला एवढं पुरतं, कारण सुराला सेकंदात किती थरथरी झाल्या तेवढंच लागतं. पण 'का' आणि 'मा' एकाच सुरात म्हटले तरी वेगळे ऐकू येतात ना? तो फरक बंद-चालू करंटमध्ये टिकत नाही. राइसच्या तारेवरून गाणं जायचं, बोलणं अडखळायचं. १८७४ मध्ये चाळिसाव्या वर्षी क्षयाने तो गेला.

तुझ्या सरांचा इटालियन म्हणजे अंतोनिओ मेउची. हा न्यूयॉर्कजवळच्या स्टेटन आयलंडवर राहायचा. घरात बायको अंथरुणाला खिळलेली, म्हणून तिच्या खोलीपासून आपल्या कामाच्या जागेपर्यंत बोलता येईल अशी तार त्याने ओढली होती. १८७१ मध्ये त्याने अमेरिकेच्या पेटंट कचेरीत आगाऊ नोंद केली, 'माझं या शोधावर काम चालू आहे' अशी. तिला कॅव्हिएट म्हणत. ती दरसाल दहा डॉलर भरून पुढे चालू ठेवावी लागे. १८७४ च्या अखेरीला ती संपली ती संपलीच, मेउचीची परिस्थिती हलाखीची होती. २००२ मध्ये अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाने ठराव करून त्याच्या कामाचा गौरव केला. दहा दिवसांत कॅनडाच्या संसदेने उलट ठराव केला की शोधक बेलच. ठरावाने शोध ठरत असते तर आमच्या ग्रामसभेनेही एखादा पास करून घेतला असता.

'ढापला' असं मात्र मी म्हणणार नाही. बेल विजेच्या बाजूने टेलिफोनकडे आला नव्हता, तो कानाच्या बाजूने आला. एडिंबरात १८४७ चा जन्म. आई जवळजवळ बहिरी, वडील उच्चारशास्त्राचे शिक्षक, आणि हा स्वतः बोस्टनमध्ये बहिऱ्या मुलांना बोलायला शिकवायचा. १८७४ मध्ये त्याने कानाच्या एका डॉक्टरकडून चक्क मृत माणसाचा कान मिळवला. त्याला गवताची काडी जोडली, आत बोलून काजळी धरलेल्या काचेवर आवाजाच्या रेघोट्या काढल्या. त्याच्या मनात आलं : कानाचा एवढासा पातळ पडदा आतली हाडं हलवतो, तर जरा मोठा पडदा लोखंडाची पट्टी का नाही हलवणार? पुढे २ जून १८७५ ला शेजारच्या खोलीत त्याचा मदतनीस थॉमस वॉटसन अडकलेली पोलादी पट्टी बोटाने उडवत होता. ती चुंबकापुढे थरथरली आणि तेवढ्यानेच तारेत करंट निर्माण झाला. तो तुटक नव्हता, आवाजासारखाच लाटालाटांचा होता. बेलने पलीकडे पट्टीचा झणत्कार जसाच्या तसा ऐकला. माझ्या हिशेबी टेलिफोनचा खरा वाढदिवस हाच.

मग १४ फेब्रुवारी १८७६. बेलचा अर्ज आणि एलिशा ग्रे या दुसऱ्या संशोधकाचा कॅव्हिएट एकाच दिवशी कचेरीत दाखल झाले. ७ मार्चला बेलला पेटंट मिळालं, क्रमांक १,७४,४६५. आणि तारेवरून पहिलं समजणारं वाक्य गेलं १० मार्चला : 'मिस्टर वॉटसन, इकडे या, मला तुम्हाला भेटायचंय.' बघ, पेटंट आधी आणि बोलणं तीन दिवस नंतर! शिवाय त्या दिवशी बेल ज्यात बोलला त्यात पडद्याला लावलेली सुई आम्लमिश्रित पाण्यात बुडत होती, आणि तशीच रचना ग्रेच्या कागदात होती. संशयाला जागा आहे ती इथे. शेकडो खटले झाले. १८८८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने बेलच्या बाजूने निकाल दिला, तोही चार विरुद्ध तीन असा. (कपड्यांवर आम्ल सांडलं म्हणून बेलने वॉटसनला हाक मारली ही गोष्ट वॉटसनने म्हातारपणी लिहिलेली. बेलच्या त्या दिवसाच्या वहीत सांडलवंडीचा उल्लेख नाही.)

आता सरांना विचारायला एक प्रश्न देतो. आजोबांच्या घरचा काळा फोन उघडलात तर कानाला लावायच्या बाजूला चुंबक, गुंडाळी आणि पातळ लोखंडी पडदा दिसेल. ती बाजू बेलची. तोंडाच्या बाजूला मात्र बेलचं काही नाही. बेलच्या यंत्रात बोलायचं तर करंट इतका अशक्त की फार लांबवर आवाज नीट पोचायचा नाही. तिथे एडिसनने १८७७ मध्ये कोळसा घातला आणि पुढच्या वर्षी इंग्लंडात हेनरी हनिंग्ज या पाद्र्याने कोळशाचे बारीक दाणे. पडदा दाबला की दाणे एकमेकांना चिकटतात आणि करंट वाढतो. पडदा सुटला की कमी होतो. आपण त्या दाण्यांत जवळजवळ शंभर वर्षं बोललो. मग एका फोनचा एकच बाप कसा सांगायचा?

प्रश्न : पाऊस जवळ आला की आमच्या फोनमध्ये खरखर सुरू व्हायची, कधी दुसऱ्याचंच बोलणं ऐकू यायचं. पण धो धो पाऊस पडत असताना कधी कधी फोन स्वच्छ चालायचा! लाइनमन म्हणायचा, 'इन्शुलेशन लो हा.' म्हणजे नक्की काय?
— आंबा बागायतदार, देवगड

तुमचा लाइनमन बरोबर बोलत होता आणि तुमचं निरीक्षणही अगदी खरं आहे. घाटावरच्या माणसाला हे सांगून पटत नाही.

हवेतून जाणाऱ्या दोन तारा लोखंडी खांबावर चिनीमातीच्या इन्सुलेटरवर टेकलेल्या असायच्या. इन्सुलेटरचं काम एवढंच की तारेतला करंट खांबातून जमिनीत जाऊ नये. त्याला खालून पोकळ घेर ठेवतात, कपडे वाळत घालताना छत्री धरावी तसा, म्हणजे बाहेरून भिजला तरी आतला भाग कोरडा. पण आपल्याकडे वारा समुद्राचं पाणी उडवून आणतो आणि मीठ त्या आतल्या कोरड्या भागातही जाऊन बसतं. सुकं मीठ करंट नेत नाही. ओलसर झालं की नेतं. मे अखेरीला दक्षिणेचा वारा सुरू होतो, हवा दमट होते, पण धुऊन काढणारा पाऊस अजून नसतो. तेच आमचे सर्वांत वाईट दिवस. प्रत्येक खांबावर थोडा थोडा करंट झिरपायचा. दहा खांबांवर कळत नाही, पण बंदरापासून एक्स्चेंजपर्यंत शंभर-दीडशे खांब असले की झिरप बेरजेत येते. लाइनवर मेगर, म्हणजे करंट किती झिरपतो ते दाखवणारं मीटर, लावला की काटा खाली पडलेला दिसायचा, तेच तुमचं 'इन्शुलेशन लो'. मग मृगाच्या पहिल्या दोन चांगल्या सरी आल्या की मीठ धुऊन जायचं आणि लाइन आपोआप सुधारायची. लोक म्हणायचे, लाइनमनने काहीतरी केलं. आम्हीही 'होय, केला' म्हणायचो.

दुसऱ्याचं बोलणं ऐकू येण्याची गंमत वेगळी. अगदी सुरुवातीला टेलिफोनला एकच तार असायची आणि परतीची वाट जमिनीतून. शेजारून तारखात्याची लाइन किंवा विजेची ट्राम गेली की त्यांची खडखड फोनमध्ये. १८८१ मध्ये बेलनेच दोन तारांची जोडी एकमेकींभोवती पिळायचं पेटंट घेतलं. बाहेरचा उपद्रव दोन्ही तारांवर सारखाच झाला तर तो आपसात खलास होतो, ही त्यामागची युक्ती. खांबांवरच्या उघड्या तारा पिळता येत नाहीत, म्हणून ठरावीक अंतराने आम्ही त्यांच्या जागा अदलाबदल करायचो, डावी उजवीकडे आणि उजवी डावीकडे. आता समजा एका तारेचा जोड गंजला किंवा एकाच बाजूला माडाचं झावळ टेकलं. दोन तारा सारख्या राहिल्या नाहीत, तोल गेला. लगेच शेजारची जोडी तुमच्या कानात बोलायला लागते. कोणाच्या सोयरिकीची बोलणी कुठे फुटली हे या एका कारणाने झालेलं मला ठाऊक आहे. गाव सांगत नाही.

खाऱ्या हवेवर आणखी एक उपाय एक्स्चेंजमध्येच केलेला असतो, जो गिऱ्हाइकाला कधी दिसत नाही. तिथल्या बॅटरीचं धन टोक जमिनीला जोडतात आणि तारेवर ऋण बाजू ठेवतात. ओल शिरली की दोहोंतलं जे धन असेल ते विजेच्या क्रियेने झिजतं. तार ऋण ठेवली म्हणजे झीज जमिनीतल्या लोखंडी नळाची होते, तांब्याची वाचते. तरीही आमच्या भागात हिरवे पडलेले जोड कापून नवे करणं हे कायमचंच काम. घाटावर तार टिकायची तेवढी बंदरात कधी टिकली नाही. आणि अर्थिंगचं तर बोलूच नका. जांभ्यात खड्डा खणायचा, कोळसा-मीठ भरायचं, आणि चैत्र-वैशाखात त्यात बादलीने पाणी ओतायचं, नाहीतर कोरड्या जांभ्यात अर्थ लागतच नाही. पाणी ओतताना बघून एका आजींनी विचारलं होतं, 'फोनाक पण तहान लागता काय रे?'

केबल आल्या तेव्हा वाटलं सुटलो. पण जुन्या केबलमध्ये शिशाच्या वेष्टनात कागद गुंडाळलेल्या तारा असायच्या. वेष्टनाला टाचणीएवढं भोक पडलं तरी पाणी शिरून कागद भिजायचा आणि सगळी वाडी मुकी. पुढे प्लॅस्टिकच्या आवरणात जेली भरलेल्या केबल आल्या, त्यांनी खरा दिलासा दिला. राहिल्या त्या खांबावरच्या डीपीच्या पेटीत, म्हणजे जिथून घरोघरी तारा फुटतात त्या पेटीत, घर करणाऱ्या मुंग्या.

प्रश्न : १९७० च्या सुमारास मुंबईला वडिलांशी बोलायला आम्ही पोस्टात जाऊन ट्रंक कॉल बुक करायचो. तासन् तास बसायचं आणि मग ओरडून बोलायचं. मधल्या ऑपरेटरबाईंना सगळं ऐकू यायचं का? आणि एवढं ओरडावं का लागायचं?
— निवृत्त शिक्षिका, मालवण

बाई, ऐकू यायचं. ऑपरेटरला कॉल चालू आहे की तुटला हे बघण्यासाठी लाइनवर यावंच लागे, आणि तीन मिनिटं झाल्याचं तीच सांगे. नियमाने तिने पुढे ऐकायचं नसतं. पण गणपतीच्या आधी दोन आठवडे 'येतास मां? सुट्टी गावली मां?' हेच सगळ्या लाइनींवर चालू असायचं, त्यात चोरून ऐकण्यासारखं काय होतं?

तासन् तास बसावं लागायचं याचं कारण वाट अरुंद होती. तुमच्या गावापासून मुंबईपर्यंत मधे दोन-तीन एक्स्चेंजं, आणि प्रत्येक टप्प्यावर ट्रंक लाइनी मोजक्याच. सगळ्या टप्प्यांवर एकाच वेळी एकेक लाइन मोकळी सापडली तर तुमचा कॉल लागणार. अर्जंट कॉल दुप्पट पैसे मोजून पुढे सरकायचा, लाइटनिंग त्याच्याही पुढे. पी.पी. कॉल म्हणजे अमुकच माणूस फोनवर आला तर बोलायचं.

इथे माझा एक जुना आग्रह मांडतो. लोक टेलिफोन म्हणजे बेलचं यंत्र समजतात. ते यंत्र दोन माणसांपुरतं आहे. तिसरा आला की प्रश्न सुरू होतो. २८ जानेवारी १८८२ ला कोलकात्यात एक्स्चेंज अधिकृतपणे सुरू झालं तेव्हा ९३ ग्राहक होते. प्रत्येकाला प्रत्येकाशी थेट तारेने जोडायचं तर ४,२७८ जोड्या लागल्या असत्या. मधे एक्स्चेंज ठेवलं की ९३ पुरतात. मुंबईतही त्याच वर्षी एक्स्चेंज आलं. जगातलं पहिलं व्यापारी एक्स्चेंज अमेरिकेत न्यू हेवन इथे १८७८ मध्ये, २१ ग्राहकांचं. तिथे या कामावर आधी तारखात्यातली पोरं ठेवली होती, ती गिऱ्हाइकांना उलट उत्तरं द्यायची, म्हणून बोस्टनमध्ये त्याच वर्षी एमा नट या बाईंना घेतलं. पुढे जगभर हे काम बायकांचं झालं. एक्स्चेंज कोणी शोधलं हे शाळेत विचारत नाहीत. मला ते खटकतं.

मधला माणूस काढून टाकायचा पहिला यशस्वी प्रयत्न आल्मन स्ट्रोजर याचा. हा कॅन्सस सिटीत प्रेतयात्रेची व्यवस्था करण्याचा धंदा करायचा. सांगतात की ऑपरेटर आपली गिऱ्हाइकं प्रतिस्पर्ध्याकडे वळवते असा त्याला संशय होता. म्हणून त्याने १८९१ मध्ये आपोआप जोडणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं आणि पुढच्या वर्षी इंडियाना राज्यातल्या ला पोर्ट गावी तसं एक्स्चेंज सुरू झालं. त्याचा सिलेक्टर दहा पायऱ्या वर चढतो आणि मग दहा घरं आडवा फिरतो, म्हणजे दोन आकड्यांत शंभर जागा. आमच्या तालुक्याच्या एक्स्चेंजमध्ये हेच स्ट्रोजर होते. सकाळी दहाला बाजार उघडला की त्या खोलीत इतका खडखडाट की एकमेकांशी खुणेने बोलायचं. कोणाचा सिलेक्टर वर चढून अडकला हे आवाजावरून कळायचं.

ओरडण्याबद्दल. आवाज तारेत मैलागणिक क्षीण होतो आणि मधे त्याला पुन्हा जोर देणारा अँप्लिफायर लागतो. अमेरिकेतही न्यूयॉर्क ते सॅन फ्रान्सिस्को बोलणं १९१५ पर्यंत जमलं नव्हतं, व्हॅक्यूम ट्यूब आल्यावर जमलं. त्या उद्घाटनाला म्हाताऱ्या बेलने न्यूयॉर्कहून तेच जुनं वाक्य म्हटलं, 'वॉटसन, इकडे या.' सॅन फ्रान्सिस्कोहून वॉटसन म्हणाला, आता यायला आठवडा लागेल! आपल्याकडे गावापासून तालुक्यापर्यंतच्या लोखंडी तारेवर अँप्लिफायर कुठला? पण खरं सांगू का, बाई, ओरडून फारसा उपयोग नसायचा. कोळशाचे दाणे जोरात दाबले की आवाज फाटतो. पलीकडचा माणूस क्षीण ऐकू येतो म्हणून आपल्याला वाटतं त्यालाही आपण तसेच ऐकू येत असणार, म्हणून आपण ओरडतो. माउथपीस ओठांजवळ धरून नेहमीच्या आवाजात बोलणारा उत्तम ऐकू यायचा. दमट हवेत दाणे गोळा व्हायचे, तेव्हा रिसीव्हर हातावर ठोकायचा. हे सगळ्यांना न शिकवता येत होतं.

एसटीडी, म्हणजे ऑपरेटरशिवाय थेट परगावी नंबर फिरवायची सोय, देशात प्रथम १९६० मध्ये लखनौ-कानपूर सुरू झाली. खेड्यापर्यंत ती यायला फार वर्षं गेली, आणि आली ती बरीचशी सी-डॉटमुळे. सॅम पित्रोदांच्या पुढाकाराने ही सरकारी संस्था १९८४ मध्ये उभी राहिली. त्यांचं रॅक्स हे १२८ जागांचं छोटं इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंज १९८६ मध्ये कर्नाटकात कित्तूरला पहिल्यांदा लागलं. परदेशी एक्स्चेंजांना एअरकंडिशनर लागायचा. रॅक्सला लागत नव्हता. आमच्या पत्र्याच्या खोलीत, जिथे पावसाळ्यात कागदाला बुरशी यायची, तिथे ते चाललं. मग नाक्यानाक्यावर पिवळ्या अक्षरांचे एसटीडी बूथ आले, आणि रात्री उशिरा पाव दर सुरू झाला की बूथपुढे रांग. मुंबईच्या चाकरमान्याचा फोन आला की बूथवाल्याचा पोरगा वाडीत धावत हाक मारायला.

प्रश्न : वडील डायलला कुलूप लावून जायचे. मोठा भाऊ तरी फोन करायचा, कसा ते कधी सांगितलं नाही. तुम्हाला माहीत असेल.
— एक वाचक, सावंतवाडी

माहीत आहे, आणि आता वडील रागवायचे नाहीत असं धरून सांगतो. डायल परत फिरताना लाइन तितक्या वेळा क्षणभर तोडते, सेकंदाला सुमारे दहा वेळा. पाच फिरवला तर पाच वेळा, शून्य फिरवला तर दहा वेळा. रिसीव्हर ठेवायच्या खटक्यानेही लाइन तुटतेच. भाऊ खटका तालात दाबत असणार : पाचाला पाच टिचक्या, मग जरा थांबायचं, मग पुढचा आकडा. शून्यांचा नंबर असला की बोटं दुखतात. कुलूप चाकाला असतं, खटक्याला नसतं.

प्रश्न : निसर्ग वादळात आमच्याकडे वीज गेली आणि मोबाइलही गेले, मुंबईच्या मुलांना आम्ही जिवंत आहोत हे कळवायला मार्ग नव्हता. जुने फोन वीज नसताना चालायचे. मग आपण पुढे गेलो की मागे?
— गृहिणी, दापोली तालुका

३ जून २०२० च्या त्या दिवसांनंतर हा प्रश्न मला वाटेत थांबवून विचारणारे पुष्कळ भेटले.

जुन्या फोनला घरची वीज लागतच नव्हती. एक्स्चेंजमध्ये दोन-दोन व्होल्टचे चोवीस सेल ओळीने जोडलेले, मिळून ४८ व्होल्ट, आणि तोच करंट तारेतून तुमच्या घरी यायचा. फोन खाली ठेवलेला असताना जवळजवळ काहीच खर्च नाही, उचलल्यावर काही मिलीअँपिअर. घंटी वाजवायला मात्र सुमारे ७५ व्होल्टचा उलटसुलट प्रवाह पाठवतात. खांबावर ओल्या हाताने तार धरलेली असताना नेमका कोणाचा तरी फोन आला की काय होतं, ते कुठल्याही लाइनमनला विचारा. वीज गेली तरी बॅटरीवर एक्स्चेंज कित्येक तास चालायचं, आणि डिझेलचं जनित्र असलं तर पुढेही.

मोबाइलमध्ये बॅटरी तुमच्या हातात असते, पण टॉवरलाही सतत वीज लागते. त्याची बॅटरी काही तासांची. डिझेल न्यायचं तर रस्त्यावर झाडं आडवी. शिवाय टॉवरचं पुढचं बोलणं फायबरवरून जातं, आणि फायबर खांबांवरून टाकलेली असली की खांबाबरोबर तीही जाते.

पण जुन्या फोनचं अवाजवी कौतुक नको. निसर्गासारख्या वाऱ्यात आमच्या उघड्या तारा पहिल्या तासात खाली आल्या असत्या. पूर्वीच्या वादळांत आल्याच आहेत, आणि त्या पुन्हा उभ्या करायला दिवाळी उजाडायची. तारही नको आणि गावातला टॉवरही नको अशी सोय हवी. बंदरखात्याकडे, पोलिसांकडे वायरलेस असतो तो याचसाठी. तुमच्या ग्रामपंचायतीत असं काही चालू स्थितीत आहे का, हे पावसाच्या आधी जाऊन बघा. कपाटात बंद असेल तर ते चार्ज करून ठेवायला सांगा.

प्रश्न : फोनवर माझं आडनाव नेहमी चुकीचं ऐकतात. 'स' सांगितला की 'फ' लिहितात. माझा उच्चार चांगला आहे!
— बँक कर्मचारी, वेंगुर्ला

उच्चाराचा दोष नाही. टेलिफोनची वाट सेकंदाला ३०० ते ३,४०० कंपनांपुरतीच ठेवलेली असते. शब्द कळायला तेवढी पुरते आणि एका केबलवर जास्त बोलणी बसतात. 'स' आणि 'फ' मधला फरक ज्या सिसकारीत असतो ती बरीचशी त्याच्या वर असते, म्हणून कापली जाते. डिजिटल एक्स्चेंज आलं तरी हाच हिशेब राहिला : आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने, प्रत्येकी आठ बिट, म्हणजे ६४,००० बिट. आताच्या मोबाइलवर दोन्हीकडे सोय असेल तर वाट दुपटीने रुंद होते, म्हणून काही कॉल एकदम समोर बसून बोलल्यासारखे वाटतात. बँकेच्या लाइनवर तोवर 'स सशाचा' म्हणत राहा.

प्रश्न : आजोबांचा काळा डायलचा फोन जपून ठेवला आहे. घरी आता फायबरचं इंटरनेट आहे. त्याला हा फोन जोडला तर चालेल का?
— अभियांत्रिकीचा विद्यार्थी, राजापूर

फायबरच्या डब्याच्या मागे बघ. इंटरनेटच्या खाचांशेजारी एक अरुंद खाच असते, बहुतेक वेळा फोनचं चित्र काढलेलं. कंपनीने ती चालू करून दिली असेल तर तीत तुझा फोन बसेल. डबाच आता छोटं एक्स्चेंज झालेला असतो, व्होल्टेज तो देतो, घंटीचा प्रवाहही तोच देतो. त्यामुळे घरची वीज गेली की हा फोनही गेला, डब्याला वेगळी बॅटरी नसेल तर.

फोन आला तर तू उचलून बोलू शकशील. घंटी जरा मंद वाजेल, कारण जुन्या घंटीला दोन पितळी वाट्या ठोकायच्या असतात आणि डब्याचा जोर कमी पडतो. डायल फिरवून नंबर लागेलच असं नाही. पुष्कळ डब्यांना फक्त बटणांच्या फोनचे सूर कळतात, डायलची टकटक कळत नाही. टकटकीचे सूर करून देणारी छोटी पट्टी मिळते, ती मधे लावायची.

जोडण्याआधी फोन उघड. आत गंज असेल तर स्पिरिटने पूस, पाण्याने नको. घंटीच्या गुंडाळीबरोबर एक कंडेन्सर असतो, तो इतक्या वर्षांत फुटलेला असण्याची शक्यता मोठी. आधी तो बदल, नाहीतर डबा समजेल की फोन सतत उचललेलाच आहे. तोंडाच्या बाजूची कोळशाची डबी हलवून बघ. आत दाणे सुटे वाजले पाहिजेत. वाजत नसतील तर हलकेच टेबलावर ठोक, आणि तरी नाही वाजले तर माझ्याकडे दोन-चार जुन्या डब्या आहेत, संपादकांकडे पत्ता ठेवून जा.